जुन्या जीपच्या चेसीवरचा गंज आणि रंग काढताना: बेळगाव भागात पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी

आमच्या घरची जीप महिंद्राची, सीजे थ्री बी. वडिलांनी ती खानापूर भागात वडापला (प्रवासी वाहतुकीला) फिरलेली घेतली होती. मी पहिल्यांदा तिची चेसी (बॉडीखालचा लोखंडी सांगाडा) साफ केली तेव्हा ग्राइंडरला वायर ब्रश लावून चार दिवस घासलं, वरून रेड ऑक्साइड आणि काळा रंग मारला. लोखंड आरशासारखं दिसत होतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर खाली वाकून बघितलं तर रिव्हेटांभोवती रंग फुगून आला होता. नखाने उचकटला तर पापुद्र्यासकट गंज हातात. सगळं काम पुन्हा केलं, या वेळी उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या जाणत्या कारागिरांना विचारत. तिथे शिकलेलं खाली मांडतो आहे.

आपल्याकडे वर्कशॉपमध्ये निम्मे लोक गंजाला ‘तुक्कू’ म्हणतात. शब्द कन्नड आहे, तो लक्षात ठेवा, काम सांगताना उपयोगी पडतो.

हे सगळं स्वतंत्र चेसी असलेल्या गाडीसाठी आहे, म्हणजे जीप, जुनी पिकअप, ट्रक. ॲम्बेसेडर आणि पद्मिनीला अशी सुटी चेसी नसते, बॉडी हीच चेसी. त्यांचा पत्रा पातळ, त्यामुळे ब्लास्टिंगच्या (हवेच्या दाबाने बारीक खडे मारून गंज काढण्याच्या) बाबतीत त्यांचं गणित वेगळं.

१. हंगाम ठरवा

दिवाळी झाली की सुरू करा आणि मृगाच्या आधी शेवटचा हात मारून मोकळे व्हा. बेळगावात जूनपासून हवेत जो ओलावा भरतो, त्यात उघडं लोखंड टिकत नाही. मी ऑगस्टमध्ये एकदा ब्रॅकेट साफ करून ठेवलं आणि जेवून येईपर्यंत त्यावर नारिंगी झाक आली होती. खानापूर, जांबोटी, चंदगड या बाजूला तर विचारूच नका. चिकोडी-अथणीकडे हवा कोरडी असते, तिथल्या लोकांना जास्त दिवस मिळतात.

शेड हवं, पण बंद खोली नको. दोन बाजूंनी वारा खेळेल असा आडोसा चांगला. जवळ विहीर, गोठा किंवा लहान मुलांची खेळायची जागा नको. कारण पुढे पाचव्या पायरीत आहे.

२. कागद आणि चेसी नंबर

पाना हातात घेण्याआधी हे उरका:

- आरसीची प्रत, आणि आरसीवरचा नंबर चेसीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून बघा.
- चेसी नंबरचा पेन्सिल ठसा. पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी घासली की ठसा उमटतो. दोन-तीन घ्या.
- नंबराचे जवळून आणि लांबून काढलेले फोटो, तारखेसह.
- विम्याचा कागद आणि तुमचं ओळखपत्र.

नंबर दिसत नसेल तर तिथे ग्राइंडर लावू नका. डिझेलने भिजवलेलं फडकं रात्रभर गुंडाळून ठेवा आणि पितळी ब्रशने हलक्या हाताने घासा. ठोकलेली अक्षरं उथळ असतात, फ्लॅप डिस्क दोन सेकंद टेकली तरी जातात. नंबर गेला की गाडी चोरीची असल्याचा संशय येतो आणि तो निस्तरताना वर्ष जातं.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नमुना २५ भरून नूतनीकरण, आणि त्या वेळी गाडी तपासणीला उभी करावी लागते. चेसी सुटी करायच्या आधी ही तारीख बघा. मध्येच ती आली तर पंचाईत होते.

सीमेवरच्या लोकांसाठी एक गोष्ट. निपाणीत राहून कोल्हापूरची एमएच ०९ गाडी घेतलेले पुष्कळ आहेत. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मूळ कार्यालयाचा नमुना २८ मधला ना-हरकत दाखला लागतो. हा दाखला आधी मिळवा, मग गाडी खोला.

गाडी ५० वर्षांच्या पुढची असेल तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पण ती मूळ रूपात हवी, चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. म्हणून चेसी शक्यतो दुरुस्त करा, दुसरी आणून बदलू नका.

३. खोलणं आणि खुणा

बॅटरी, पेट्रोलची टाकी, ब्रेकच्या आणि तेलाच्या नळ्या, वायरिंग हे सगळं आधी बाहेर. टाकी रिकामी असली तरी तिच्यातली वाफ पेट घेते, ती शेडमध्येसुद्धा ठेवू नका. मग बॉडीचे बोल्ट. ते सहज निघणार नाहीत. आदल्या दिवशी तेल सोडा, दुसऱ्या दिवशी आधी थोडं घट्ट करून मग सैल करा. गॅसने तापवायची वेळ आली तर आजूबाजूला रबर आणि ग्रीस राहिलेलं नाही ना, ते बघा.

प्रत्येक जोडाचे फोटो काढा. बॉडी आणि चेसीच्या मध्ये ज्या चकत्या निघतील त्या ज्या जागेच्या त्या जागेच्याच पिशवीत घाला. त्या चकत्यांवर दरवाजांची फट जुळवलेली असते.

पाटे (लीफ स्प्रिंग) आणि ॲक्सलचं हाउसिंग काढल्यावर चेसी चार मजबूत घोड्यांवर (स्टँडवर) ठेवा, सिमेंटच्या ठोकळ्यांवर नको, ते अचानक फुटतात. आणि कर्ण मापून घ्या. पुढच्या डाव्या पाट्याच्या भोकापासून मागच्या उजव्या भोकापर्यंत, मग उलट. दोन्ही मापं वहीत लिहा. फरक पाव इंचाच्या पुढे असेल तर चेसी कुठेतरी वाकली आहे. हे आत्ता कळलेलं बरं.

४. आधी चिकट काढा

नवीन माणूस इथेच चुकतो, मीही चुकलो. ग्रीस असताना वायर ब्रश फिरवला तर ते निघत नाही, लोखंडावर पसरतं आणि खड्ड्यांत दाबलं जातं. ब्लास्टिंगवाल्याकडे तशी चेसी नेली तर त्याचा माल खराब होतो आणि तो परत पाठवतो.

जाड थर लोखंडी पट्टीने खरवडा. मग डिझेल आणि ब्रश. तासाभराने गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि कपड्यांची पावडर घालून घासा, पाण्याने धुवा, उन्हात वाळवा. पाणी लोखंडावर सलग पसरलं तर स्वच्छ झालं. थेंब थेंब होऊन जमलं तर तेल अजून आहे.

मागच्या क्रॉस मेंबरच्या (चेसीच्या आडव्या पट्टीच्या) आत मी पोलादी पट्टी घालून खरवडत होतो तेव्हा बाहेर काय आलं ते सांगतो. आधी सुकी काळी माती. तिच्याखाली उसाच्या पाचटाचे तुकडे, अजून पिवळे. त्याच्या खाली खानापूरची तांबडी माती, आणि ती ओली होती. गाडी पाच महिने शेडमध्ये उभी होती, पाऊस संपून तीन महिने झाले होते, तरी बोटाला ओल लागली. त्या मातीखालचा पत्रा बिस्किटासारखा मोडला. बाहेरून घासून तिथवर कधीच पोहोचता आलं नसतं. म्हणून चेसीवर जिथे जिथे भोक दिसेल तिथून आत तार, पट्टी, पाण्याचा फवारा, जे जाईल ते घाला. पाणी बाहेर पडायची खालची भोकं मातीने बुजलेली असतात, ती मोकळी करा.

५. ठोकून बघा, मग रंगाला हात घाला

अर्धा किलोचा हातोडा घ्या आणि वीतभर अंतरावर ठोकत जा. चांगलं लोखंड ठणठणतं, सडलेलं भद्द वाजतं. भद्द वाजलं तिथे जुना स्क्रू ड्रायव्हर दाबा. खडूने गोल करा. पाट्यांचे हँगर, बॉडीचे माउंट, मागचा क्रॉस मेंबर आणि जिथे पट्टीवर पट्टी बसवली आहे अशा सगळ्या जागा नीट बघा. जुन्या जीपला स्टिअरिंग बॉक्सच्या माउंटाजवळ चीर पडते. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून उजव्या पट्टीचा पुढचा भाग साफ झाल्यावर भिंगातून बघा. शंका आली तर डाय पेनिट्रंटची चाचणी करून घ्या. आधी साफ करायचा फवारा, मग लाल, तो पुसून मग पांढरा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. मशीन शॉपवाल्यांकडे हे तीन डबे असतात.

आता रंग. आमच्या चेसीवर वर काळा, मध्ये राखाडी आणि तळाला शेंदरी थर होता. तो शेंदरी थर बघून मी थांबलो. पूर्वी लोखंडावर शिशाचा शेंदूर प्रायमर म्हणून मारत. लाल रेड ऑक्साइड वेगळं, त्यात लोह असतं. पण जुन्या थरांत नुसत्या डोळ्यांनी फरक करणं धोक्याचं, म्हणून शिसं आहे असंच धरून चला. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. तेव्हा:

- जुना रंग गॅसने जाळू नका. शिशाचा धूर नाका-तोंडात जातो.
- कोरडं घासणं टाळा. खरवडताना पाण्याचा फवारा मारत राहा.
- कापडी रुमाल किंवा निळा सर्जिकल मास्क कामाचा नाही. काडतुसं बदलता येतात तो अर्धा मास्क घ्या, धुळीसाठी पी १०० दर्जाचा.
- कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवू नका. हात धुतल्याशिवाय चहा नाही, तंबाखू नाही.
- खाली ताडपत्री अंथरा, कपच्या डब्यात भरून झाकण लावा. नाल्यात किंवा बांधावर टाकू नका.

डब्यातला पेंट रिमूव्हर वापरलात तर जाड थर द्या, वर प्लास्टिक गुंडाळा, अर्ध्या तासाने खरवडा. तो कातडी भाजतो आणि वाफेने चक्कर येते. यातल्या काही रिमूव्हरांत मिथिलीन क्लोराइड असतं, ते साध्या नायट्राइल हातमोज्यांतून काही मिनिटांतच आरपार जातं. उघड्यावरच वापरा, बंद शेडमध्ये कधीच नाही. सांध्यात उरलेला रिमूव्हर नवा रंग उचलतो, म्हणून शेवटी भरपूर पाणी.

६. गंज: हाताने की ब्लास्टिंग?

चेसी बरी असेल आणि खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर हाताने होतं. चार इंची ग्राइंडर साधारण ११,००० फेऱ्यांनी फिरतो. कप ब्रशवर लिहिलेल्या फेऱ्या त्याहून जास्त हव्यात. पिळाच्या तारेचा ब्रश घ्या. गार्ड काढू नका. त्या ब्रशातून सुयांसारख्या तारा सुटतात, चष्मा आणि त्यावर तोंडभर काच, दोन्ही घाला. माझ्या जाड शर्टातून एक तार पोटात शिरली होती. सपाट जागेवर जाळीदार स्ट्रिप डिस्क चांगली, ती रंग काढते पण लोखंड खात नाही. कोपऱ्यांत आणि रिव्हेटांभोवती कॉम्प्रेसरवरचा नीडल स्केलर (सुयांनी ठोकून गंज उडवणारं हत्यार) मिळाला तर भाड्याने घ्या.

आता माझ्या पहिल्या वेळच्या चुकीकडे येतो. वायर ब्रश गंजावरही चमक आणतो. खड्ड्यातला गंज दाबून गुळगुळीत होतो, तपकिरी चकाकी येते आणि आपल्याला वाटतं झालं. बॅटरीचा उजेड तिरका पाडून बघा. खड्ड्याच्या तळाशी काळा ठिपका दिसला तर तो गंज आहे. तिथे टोकदार पंचने खोदा.

खड्डे खूप असतील तर ब्लास्टिंगच करा. बेळगाव फाउंड्रीचं गाव, त्यामुळे शॉट ब्लास्टिंगची यंत्रं उद्यमबाग, मच्छे, होनगा इथे जागोजागी दिसतील. पण फाउंड्रीतली बरीच यंत्रं लहान-मोठ्या कास्टिंगसाठी असतात. या जीपची चेसी अकरा फुटांच्या आसपास भरते, ती त्यांत मावत नाही. फोन करताना आधी लांबी सांगा. तुम्हाला हवाय तो माणूस स्ट्रक्चर, टाक्या, ट्रॉल्या उघड्यावर नळीने ब्लास्ट करणारा.

त्याला तीन प्रश्न विचारा.

पहिला, माल कोणता? नदीची वाळू म्हणाला तर तिथून निघा. वाळूतल्या सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस होतो, फुप्फुसं कायमची निकामी होतात, त्यावर औषध नाही. नळी धरणारा पोरगा तुमच्या चेसीसाठी आजारी पडू नये. कॉपर स्लॅग, गार्नेट किंवा स्टील ग्रिट मागा. आणि त्याच्या डोक्यावर हवा पुरवणारं हेल्मेट आहे का, ते स्वतः बघा.

दुसरा, कोणत्या दर्जापर्यंत? ‘एसए अडीच’ एवढंच सांगा. हे प्रमाण या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. लोखंड जवळजवळ पांढरट राखाडी दिसतं, फक्त पुसट छटा उरते.

तिसरा, प्रायमर तिथेच मारता येईल का? याचं उत्तर नाही असेल तर टेम्पो दारात उभा ठेवा आणि घरी रंगाची स्प्रे गन भरून ठेवा. ब्लास्ट केलेलं लोखंड साधारण चार तासांत झाकायला हवं, दमट दिवशी त्याहून लवकर.

नेण्याआधी चेसी नंबरवर चामड्याचा जाड तुकडा ठेवून वर दोन-तीन थर टेप गुंडाळा. बेअरिंगच्या जागा आणि आट्यांची भोकं जुने बोल्ट घालून बंद करा. आमच्याकडे एका ठिकाणी नळी चालवणाऱ्याला मराठी येत नव्हतं, आणि मालकाला सांगितलेलं त्याच्यापर्यंत पोहोचलं नाही. त्याने टेप खरवडून ती जागाही ‘साफ’ करायला घेतली होती, मी तिथे उभा होतो म्हणून वाचलं. तेव्हापासून मी नंबराशेजारी खडूने मोठ्या अक्षरात ‘नंबर मुट्टबेडी’ (नंबराला हात लावू नका) लिहून घेतो, कन्नड लिपीत, आणि काम होईपर्यंत तिथून हलत नाही.

चेसी टेम्पोतून नेताना आरसीची प्रत आणि फोटो जवळ ठेवा. सीमा ओलांडून कोल्हापूरला नेत असाल तर कामाची चिठ्ठीही घ्या. नुसती चेसी बघून पोलिसांनी थांबवलं तर त्यांचं चुकत नाही.

७. छोटे भाग: मळी, लिंबूसत, सोडा

ब्रॅकेट, शॅकल, नट-बोल्ट यांना ग्राइंडर नको. उसाच्या मुलखात आपल्याकडे सोपा उपाय आहे. मळी (मोलॅसिस) एक भाग, पाणी नऊ भाग, जुन्या प्लास्टिकच्या पिंपात. त्यात गंजलेले भाग आठवडा-दोन आठवडे बुडवून ठेवा. मळी गंज धरून काढते, लोखंडाला जवळपास हात लावत नाही. फेस येतो आणि वास येतो, म्हणून पिंप परसात. ॲल्युमिनियम आणि जस्त चढवलेले भाग त्यात टाकू नका. कारखान्यातून थेट मळी आणायच्या मागे लागू नका, तिच्यावर अबकारी खात्याचं नियंत्रण असतं. मला पशुखाद्यवाल्याकडे बादलीभर मिळाली.

घाई असेल तर लिंबूसत. एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम, रात्रभर. सकाळी घासून सोड्याच्या पाण्यात बुडवा, धुवा, ताबडतोब वाळवून तेल लावा.

बॅटरी चार्जरची विजेची पद्धतही चालते: चार लिटर पाण्याला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा, ऋण टोक आपल्या भागाला, धन टोक भंगार लोखंडाला. धन बाजूला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, जवळ विडी-काडी नको.

संडास साफ करायचं ॲसिड मात्र अजिबात नको. गंज झटक्यात जातो हे खरं, पण सांध्यात शिरलेलं ॲसिड बाहेर येत नाही, आतून खात राहतं. त्याच्या वाफेने शेडमधले पानेसुद्धा गंजतात. पाटे आणि ताकदीचे बोल्ट त्यात बुडवले तर ठिसूळ होऊन पुढे मोडू शकतात.

८. वेल्डिंग

सडलेली जागा निरोगी लोखंड लागेपर्यंत कापा, त्याच जाडीचा पत्रा घाला, सीओटू वेल्डिंग करून घ्या. चेसीच्या पट्टीवर तुकडा लावताना वेल्ड सरळ उभी घेऊ नका, तिथेच पुढे चीर जाते. तुकड्याची टोकं तिरकी कापा. काम झाल्यावर कर्ण पुन्हा मापा. लांबीने, म्हणजे पुट्टीने, भोकं बुजवणारा भेटेल, त्याला चेसीला हात लावू देऊ नका.

९. प्रायमर

दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर, झिंक फॉस्फेटचा. रेड ऑक्साइड वाईट नाही, शेताच्या गेटला मीही तेच लावतो. पण चेसीला खालून दगड, चिखल आणि तेल लागतं, तिथे इपॉक्सी टिकतो. रेड ऑक्साइडवर दोन डब्यांचा रंग मारू नका, थिनरने खालचा थर सुरकुततो.

वेळ सकाळी दहा ते दुपारी चार. पहाटे बेळगावात लोखंड गार असतं आणि न दिसणारं दव त्यावर बसलेलं असतं. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि लोखंड दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम, हा नियम पाळा. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ मिळतं, ते घ्या.

हवेने धूळ उडवा, थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसा, त्यानंतर उघड्या हाताने लोखंडाला शिवू नका. मिसळल्यावर डब्यावर लिहिलेली मिनिटं थांबा. गन हातात घ्यायच्या आधी ब्रशने कडा, रिव्हेट, वेल्ड आणि भोकांची तोंडं रंगवून घ्या. धारेवर रंग पातळ बसतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. मग गनने दोन हात. गंज बदलणारं फॉस्फोरिक किंवा टॅनिनचं द्रावण कुठे वापरलं असेल तर ते धुऊन वाळवल्याशिवाय त्यावर इपॉक्सी मारू नका, तो धरत नाही.

वरचा काळा रंग डब्यावर दिलेल्या मुदतीत मारा. मुदत टळली तर पॉलिश पेपरने घासून मग. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडतो. तो बाहेरून हवा येणारा मास्क असलेल्या पेंटरकडूनच मारून घ्या.

१०. आतली बाजू

रंग पूर्ण सुकल्यावर लांब नळीने चेसीच्या पोकळ्यांत कॅव्हिटी वॅक्स मारा. खालच्या भोकातून मेण ठिबकलं की आत पोहोचलं. ठिबकणं थांबल्यावर तीच भोकं तारेने पुन्हा मोकळी करा, नाहीतर मेणाने बुजतात. बॉडी बसवण्याआधी माउंटांच्या जागी नवी रबरं घाला. जुन्या रबरांत माती रुतलेली असते.

पहिला पावसाळा संपला की गाडी घोड्यांवर चढवा. मागच्या क्रॉस मेंबरमध्ये बोट घालून बघा, रिव्हेटांवर उजेड तिरका पाडा. कुठे टवका उडालेला दिसला तर त्याच आठवड्यात घासून ब्रशने प्रायमर लावा. उरलेला प्रायमर त्यासाठी दोन्ही डब्यांत वेगवेगळा, न मिसळता, झाकण घट्ट लावून ठेवा.